जोनवहिनी कधी बसल्या नाहीत

जिनिंगचा सीझन सुरू झाला की आमच्या सेलूत एक गंमत होते. तुम्ही जिनिंगकडे फिरकला नसाल, कापसाच्या गाडीला बोटसुद्धा लावलं नसेल, तरी संध्याकाळी शर्ट काढताना पाठीला कापसाचा एखादा पुंजका चिकटलेला सापडतोच. जोनवहिनींचे किस्से असेच आहेत. कुणी मुद्दाम गोळा केले नाहीत. टपरीवर चहा घेताना, सलूनमध्ये मान खाली घातल्यावर, बँकेच्या रांगेत एखादा येऊन चिकटतो.

माझी अडचण अशी, की यातल्या निम्म्या किश्श्यांत गाढव मीच आहे! परवा एक अनोळखी माणूस एसटीत मलाच सांगत होता, "तुमाला म्हाईत हाय का, त्या गोऱ्या बाईनं एकदा एका जाड्याला..." तो जाड्या मीच. गर्दीत मला ते कबूल करता येईना आणि त्याचं हसू थांबेना. म्हटलं, लोकांनी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा आपणच सांगून टाकावं. निदान मीठ तरी आपल्या घरचं.

जोनवहिनी इंग्लंडच्या. तिकडच्या कुठल्याशा पावसाळी गिरणगावात आमचे विसूभाऊ कापडाच्या मशिनरीचं शिकायला गेले, आणि येताना वहिनींना घेऊन आले. विसूभाऊंचं घर लिंगायत. स्टेशनकडे जिनिंग, घरात महादेव, दारात कापसाच्या गाड्या. सासूबाईंना इंग्रजीचा गंध नाही, सुनेला मराठीचा नाही. वर्षभरानं पाहिलं तर सासूबाई होत्या तिथेच होत्या, सुनेला मात्र मराठी आली होती. तीही चुलीपुढची! "काय करायलाव भावजी? च्या घेतलाव का?" असं त्या गोऱ्या तोंडातून आलं की नवखा माणूस मागे वळून बघायचा, की बोललं कोण.

उंच, सडपातळ, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि पायात कॅनव्हासचे बूट. हयातभर सेलूनं त्यांना असंच बघितलं. आणि कायम उभी! जोनवहिनी बसत नसत.

*

आमच्याकडे पाहुणा दारात आला की पहिला शब्द 'या' आणि दुसरा 'बसा'. तिसरा शब्द सुचायला मग वेळ मिळतो. पाहुणा बसलाच नाही तर आमचं सगळं अडून राहतं.

नवी सून म्हणून माझ्या वडिलांनी वहिनींना आणि विसूभाऊंना चहाला बोलावलं. मी तेव्हा कॉलेजात होतो. इंग्लंडची बाई सतरंजीवर कशी बसेल, या काळजीनं वडिलांनी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या वकिलांचा सोफा मागून आणला. आणला म्हणजे मी आणि माझ्या भावानं डोक्यावरून वाहिला. तो आमच्या दारातून आत जाईना, म्हणून दाराची चौकट थोडी तासली.

वहिनी आल्या. वडील म्हणाले, "बसा." वहिनी हसल्या आणि भिंतीवरच्या बंद पडलेल्या घड्याळाकडे गेल्या. वडील म्हणाले, "बसा की." वहिनींनी घड्याळ खाली उतरवलं. चहा आला, तो त्यांनी उभ्यानं घेतला. केसातली पिन काढून घड्याळाच्या पोटात काहीतरी कोचलं आणि ते टिकटिक करायला लागलं. वडील शेवटपर्यंत "बसा, बसा" म्हणत होते, आणि विसूभाऊ सोफ्यावर ऐसपैस बसून चिवडा खात होते.

दुसऱ्या दिवशी सोफा परत पोचवला. वकिलांनी उत्सुकतेनं विचारलं, "काय, बसल्या का बाई?"

वडील म्हणाले, "न्हाई. पण आणलाच होता, तर आमी बसून घेतलं."

पुढे ओळख वाढल्यावर मी एकदा वहिनींना विचारलं, की हे काय व्रत आहे? त्या म्हणाल्या, "माजी आई गिरणीत उभी राहून काम करायची. घरी आली तरी बसायची न्हाई. म्हणायची, बसले तर उठणार न्हाई." एवढंच सांगून त्या माझ्या दुकानातल्या वह्यांची चळत सरळ करायला लागल्या.

*

विसूभाऊंचं नेमकं उलटं. सकाळी जिनिंगच्या गादीवर बसले की जेवायला उठायचे आणि संध्याकाळी घरच्या ओसरीवर सागवानी आरामखुर्चीत बसले की झोपायलाच उठायचे. त्या खुर्चीशेजारी वहिनी उभ्या. हातात पुस्तक नाहीतर शेंगा पाखडायचं सूप. असा त्यांचा संसार, एक बसलेला आणि एक उभी. आम्ही हसायचो, पण हेवाही वाटायचा. आमच्या घरी दोघंही बसलेले असून बोलणं नसायचं.

विसूभाऊ हार्टनं गेले. त्याच खुर्चीत.

लिंगायतांमध्ये माणूस गेला की जाळत नाहीत, मातीत ठेवतात, तेही बसलेला. मांडी घालून, ध्यानाला बसल्यासारखा. आमच्याकडे बायका त्या जागेपर्यंत जात नाहीत, पण वहिनींना अडवणार कोण? त्या गेल्या. विसूभाऊंना खाली बसवलं, फुलं वाहिली, विभूती लावली. वहिनी काठावर उभ्या राहून किती तरी वेळ बघत होत्या. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "इथं पण बसूनच?"

आम्हाला हसावं का रडावं कळेना. मी दोन्ही केलं, आणि ते फार वाईट दिसलं म्हणतात.

मग त्या नागनाथअप्पांकडे गेल्या. अप्पा म्हणजे किराण्याचे मोठे व्यापारी, समाजाचे पुढारी, आणि रुद्रभूमीचा, म्हणजे त्या जागेचा सगळा कारभार त्यांच्याकडे. वहिनी म्हणाल्या, "अप्पा, विसूच्या शेजारची जागा माजी. ठेवा."

अप्पांची पंचाईत झाली. वहिनींच्या गळ्यात लिंग नव्हतं. सासूबाईंनी कधी आग्रह धरला नाही, वहिनींनी कधी मागितलं नाही. आणि लिंगधारण न केलेल्या माणसाला त्या भूमीत जागा नाही, हा अप्पांच्या वाडवडिलांपासूनचा नेम; तो मोडायचा तर समाजाचे सगळे पंच राजी व्हायला हवेत. अप्पा तसे सज्जन. तोंडावर नाही म्हणवेना, म्हणून ते म्हणाले, "बघू."

आमच्या गावात 'बघू' म्हणजे 'नाही', हे शाळेतलं पोरसुद्धा जाणतं. वहिनीही जाणत होत्या. इतकी वर्षं काय उगाच राहिल्या होत्या?

*

महिनाभरानं सकाळी सकाळी वहिनी माझ्या दुकानात आल्या. मी गल्ल्यावर होतो. गल्ल्यामागची खुर्ची माझ्या आकाराची झालेली होती, किंवा मी तिच्या आकाराचा. त्या म्हणाल्या, "भावजी, उठा."

"कुठं?"

"चालायला. विसू बसून बसून गेला. आता दुसरं कुणी न्हाई जायचं."

तिथून त्या मला घेऊन करीमभाईंकडे गेल्या. करीमभाई एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. ते म्हणाले, "वहिनी, मी तर जिंदगीभर चालूच होतो की! रोज जिंतूरला जायचो, यायचो."

"बसून गेलाव," वहिनी म्हणाल्या. करीमभाईंनी निमूट चप्पल घातली.

मग अप्पा. त्यांना तर गादीवरून हात धरून उठवलं. झाली फलटण! पुढे आणखी माणसं आली, गेली, पण हे तीन कैदी कायमचे.

रोज जिनिंगपासून रेल्वे फाटकापर्यंत जायचं आणि परत. पहिल्याच आठवड्यात फाटकापाशी वहिनींनी विचारलं, "अप्पा, माजी जागा?"

"बघू की वहिनी."

"बरं. मग आज पुढच्या पुलापर्यंत."

तेव्हापासून तो नियमच झाला. अप्पांनी 'बघू' म्हटलं की चाल वाढायची. अप्पा घामाघूम व्हायचे, पण शब्द बदलायचे नाहीत. आम्ही दोघं मागून चालताना अप्पांच्या हातापाया पडायचो, "अप्पा, हो म्हणा की! तुमच्या नेमापायी आमचे गुडघे चाललेत." अप्पा म्हणायचे, "माज्या हातात असतं तर..." आणि पुढे धाप लागायची.

पुढे डॉक्टरांनी अप्पांची शुगर तपासली आणि खूश होऊन विचारलं, औषध कुठलं घेता? अप्पा म्हणाले, "काय न्हाई, रोज एकदा 'बघू' म्हणतो."

*

आता माझी अक्कल सांगतो.

फाटकाच्या वाटेवर एक पोह्याचं हॉटेल आहे. मी एक योजना आखली. बुटाची नाडी बांधायला म्हणून मागे राहायचं, फलटण पुढे गेली की हॉटेलात शिरायचं, आणि ते परत येताना दिसले की तोंडावर पाणी मारून, धापा टाकत त्यांच्यात मिसळायचं. चार-दोन दिवस अगदी झकास जमलं. मला तर वाटायला लागलं, की माझ्यात काहीतरी गुण आहेत आणि स्टेशनरीच्या दुकानात ते वाया चाललेत.

एके दिवशी मी असाच धापा टाकत सामील झालो. वहिनी थांबल्या. माझ्याभोवती एक चक्कर मारली. मग सगळ्यांना म्हणाल्या, "बघा, भावजींचा घाम. फक्त म्होरून येतो. मागून इस्त्री हाय!"

करीमभाई रस्त्यातच खाली बसले, हसून हसून. वहिनी त्यांनाही ओरडल्या, "बसू नका!"

दुसऱ्या दिवसापासून फलटण हॉटेलावरून जाताना मालक बाहेर येऊन मला सलाम करायचा. वहिनींनीच त्याला सांगून ठेवलं होतं.

*

थंडीत अप्पांच्या शेतात हुरडा असतो. हुरडा उभ्यानं खाता येत नाही, हे तर जगजाहीर आहे. खड्ड्यात आगटी पेटलेली, कणसं भाजून तळहातावर चोळायची, आणि सगळ्यांनी गोल बसून गरम गरम खायचं, सोबत शेंगदाण्याची चटणी नाहीतर गूळ. मी म्हटलं, आज वहिनी सापडल्या! मी मुद्दाम त्यांच्यासाठी आगटीजवळ जाड घोंगडी अंथरली. अप्पा आणि करीमभाईंना डोळा घातला. तिघंही श्वास रोखून बघत होतो, कुणाच्या घरी लग्न ठरत असल्यासारखे.

वहिनी आल्या, घोंगडीपाशी गुडघे मोडले आणि आगटीपुढे खाली झाल्या.

"बसल्या!" मी ओरडलो. शेजारच्या बांधावरचे बगळे उडाले.

वहिनी शांतपणे हुरडा चोळत म्हणाल्या, "कोण बसलंय? मी उकिडवी हाय. बघा, काय टेकलंय का जमिनीला?"

आम्ही तिघं प्रतिष्ठित माणसं मान वाकडी करून बघायला लागलो. मग आपण काय करतोय ते ध्यानात आलं आणि तिघांनी एकदम माना वर केल्या. अप्पांच्या मंडळी लांबून सगळं बघत होत्या. त्या दिवशी अप्पांना हुरड्यावरचं दही मिळालं नाही.

निकाल वहिनींच्या बाजूनं लागला. टेकलं नव्हतं.

*

एकदा फलटण येलदरीला धरण बघायला गेली. आम्ही डबे सोडायच्या बेतात, तोवर वहिनी ओढणी कमरेला बांधून (त्या दिवशी पंजाबी ड्रेस घालून आल्या होत्या, तेव्हाच मला संशय यायला हवा होता) पाण्यात शिरल्या आणि सरळ आत पोहत निघाल्या. वय साठीच्या पुढचं!

मला पोहता येत नाही. मला ओरडता मात्र उत्तम येतं. मी काठावरून धावत, "धावा! वाचवा! वहिनी बुडायल्या!" असा गलका केला. लांबवर मासे धरणाऱ्यांची होडी होती, ती वळली. मी त्यांना हातवारे करून दिशा दाखवत होतो, तेवढ्यात पाय शेवाळावरून घसरला.

होडीवाल्यांनी मला जाळ्यानंच ओढून काढलं. काठावर पालथा घातला. एक म्हणाला, "लय जड मासा हाय रे!" तेवढ्यात वहिनी आपल्या आपण पोहत परत आल्या, केस पिळत माझ्याशेजारी उभ्या राहिल्या आणि विचारलं, "कोण बुडायलं होतं?"

होडीवाला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे. पण वरडत तुमच्या नावानं होते."

*

चारठाण्याला जुनी देवळं आहेत. आपल्याकडे जुनं देऊळ म्हणजे लोक लांबून हात जोडतात, फोटो काढतात आणि घरी येतात. वहिनी तिथे खराटा घेऊन जायच्या. एका देवळाभोवती गाजरगवत कमरेइतकं वाढलेलं. "एवढं सुंदर काम कुणीतरी उन्हात उभं राहून केलंय, आन तुमी गवत काढत न्हाई?" असं म्हणून त्यांनी आम्हाला कामाला लावलं. करीमभाई गवत उपटायचे, अप्पा मंत्र म्हणत कचरा उचलायचे. मी देखरेख करायचो. कुणीतरी करायला पाहिजे ना?

एकदा जिल्ह्याच्या पेपरचा माणूस आला. त्यानं कॅमेरा काढताच मी वहिनींच्या हातातला खराटा झटकन घेतला आणि जमिनीकडे गंभीर नजरेनं बघत उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. मध्यभागी मी. वहिनींचा फक्त बूट दिसत होता.

मी पेपर दुकानात दर्शनी लावला. एक प्रत घरी नेली. बायकोनं फोटो नीट बघितला, कौतुकानं बघितला, आत गेली आणि बाहेर येऊन माझ्या हातात केरसुणी दिली. म्हणाली, "मला इतकी वर्षं वाटायचं, तुमाला धरता येत न्हाई."

ती केरसुणी अजून माझ्याकडेच आहे.

*

मागच्या वर्षी वहिनींना छातीत दुखायला लागलं. परभणीला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, सक्त आराम. आराम म्हणजे काय, हे वहिनींना कोणत्याच भाषेत कळत नव्हतं. सलाईनचा स्टँड हातात धरून त्या व्हरांड्यात फेऱ्या मारायच्या आणि इतर पेशंटनाही उठवायच्या. नर्सबाई रडकुंडीला आल्या.

घरी सोडायच्या दिवशी मी, अप्पा आणि करीमभाई गाडी घेऊन गेलो. दवाखान्याचा नियम असा, की पेशंटनं व्हीलचेअरवरच बाहेर जायचं. वॉर्डबॉय खुर्ची घेऊन आला. "बसा आजी." वहिनींनी खुर्चीकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझा गुडघा त्या दिवशी खरंच सुजला होता, मी भिंत धरून उभा होतो.

"भावजी, बसा."

"वहिनी, मी कसा..."

"बसा म्हणते न्हवं!"

मी बसलो. आणि कालपर्यंत छातीला यंत्रं लावलेली ती बाई मला ढकलत लिफ्टपर्यंत, लिफ्टमधून गेटपर्यंत घेऊन गेली. वाटेत लोक माझ्याकडे बघून चुकचुकत होते. एक म्हातारी म्हणाली, "देवा, बिचाऱ्याला काय झालंय कुणास ठाऊक. बायको गोरी हाय, पण सेवा करायलीय." गेटवरच्या माणसानं डिस्चार्जचा कागद बघून विचारलं, "पेशंट कोण?"

करीमभाई म्हणाले, "ते आमालाबी कळंना झालंय."

गाडीत मात्र वहिनी मागच्या सीटवर आडव्या झाल्या. बसायचं नसेल तर गाडीत हाच मार्ग. मग म्हणाल्या, "अप्पा, आता चेष्टा न्हाई. माजी जागा?"

अप्पा पुढच्या सीटवर होते. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. काचेतून बाहेर बघत म्हणाले, "बघू, वहिनी."

त्या दिवशी वहिनींनी चाल वाढवली नाही. "बरं," म्हणाल्या आणि डोळे मिटले. मला अप्पांचा इतका राग आला, की सेलू येईपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. माझ्यासारख्या माणसाला एवढा वेळ गप्प राहणं किती जड जातं, हे ओळखणाऱ्यांना सांगायला नको.

*

त्यानंतर थंडी गेली, उन्हाळा तोंडावर आला. एके दिवशी सकाळी फलटण फिरून परतली, वहिनींनी अंगणातल्या झाडांना पाणी घातलं, आणि सोबत राहणाऱ्या पुतणसुनेला म्हणाल्या, "जरा पडते गं."

पडते! जी बाई कधी 'बसते' म्हणाली नाही! पुतणसून तेव्हाच घाबरली. तिनं डॉक्टरांना बोलवेपर्यंत वहिनी गेल्या होत्या.

आम्ही पोचलो. अंगण भरलं. इंग्लंडहून भाच्याचा फोन आला, तो म्हणाला, तिची जिथे इच्छा असेल तिथे ठेवा. इच्छा तर सगळ्या गावाला ठाऊक होती. पण अप्पा कुठे होते? दुकानात नाहीत, घरी नाहीत. फोन बंद. त्यांच्या मंडळी म्हणाल्या, बातमी ऐकली तसे चप्पल घालून बाहेर पडलेत, काही बोलले नाहीत.

मग माझी जीभ सुटली. मी अंगणात मधोमध उभा राहून अप्पांवर भाषणच ठोकलं. ऐन वेळी तोंड लपवलं, इतकी वर्षं सोबत चालून हेच का, नेम मोठा की माणूस, वगैरे वगैरे. माणसं माना डोलवत होती. भाषण चांगलं रंगलं होतं, मला स्वतःलाच भरून आलं. तेवढ्यात करीमभाईंनी माझी बाही ओढली आणि हळूच म्हणाले, "गुमान ऱ्हावा. अप्पा तवापासून पायी फिरायलेत. एकेका पंचाच्या घरी. मी मोटारसायकल देतो म्हणलो, तर नको म्हणले."

मी बसायला खुर्ची शोधली. माझ्या गुडघ्यासाठी कुणीतरी प्लास्टिकची एक ठेवली होती.

लिंगायतांमध्ये शेवटच्या दर्शनालासुद्धा माणसाला बसवतात. ओसरीवर विसूभाऊंची ती सागवानी आरामखुर्ची पुसून, गादी घालून तयार ठेवली होती. वहिनींना नेसवलं होतं, कपाळाला विभूती होती. त्या आतल्या खोलीत कॉटवर आडव्याच. विधी सांगायला आलेले स्वामी म्हणाले, "चला, बसवा."

कुणी हलेना. पुतण्या माझ्याकडे बघायला लागला, मी करीमभाईंकडे, करीमभाई छपराकडे. आयुष्यभर जी बाई कुणाच्या सांगण्यावरून बसली नाही, तिला हात लावून बसवायचं कुणी? स्वामी पुन्हा म्हणाले, "अहो, बसवा की." तरी कुणी हलेना.

अंगणाचं फाटक वाजलं. अप्पा आले. धोतर गुडघ्यापर्यंत मातीनं माखलेलं, दोन्ही हात कोपरापर्यंत खणलेल्या मुरमानं लाल, चेहऱ्यावर घाम. मागून-पुढून, सगळीकडून घाम. ते सरळ आतल्या खोलीत गेले, कॉटपाशी उभे राहिले आणि मातीचे हात जोडले.

"जागा झाली, वहिनी. विसूच्या शेजारीच हाय. मी बघून आलो."

मी खुर्चीवरून उठलो. ओसरीवर, अंगणात, जोत्यावर जे जे कुणी टेकलं होतं, ते सगळं उठलं.

अप्पा म्हणाले, "आता बसा, वहिनी. आमी उभे हाव."